पिकते तेथे विकत नाही : आयर्लंडच्या कुरणांची कथा

आयरिश भाषेत गाईला 'बो' म्हणतात आणि रस्त्याला 'बोहर'. कॅशेलचा राजा आणि बिशप कॉर्मक, जो ९०८ साली मरण पावला, त्याच्या नावावर असलेल्या एका प्राचीन शब्दकोशात निरनिराळ्या मार्गांच्या रुंदीची चर्चा आहे. एक गाय उभी आणि एक आडवी मावेल तो बोहर, असे माप तेथे दिले आहे. 'मुलगा' या अर्थी त्या भाषेत आज जो शब्द रूढ आहे त्याचाही मूळ अर्थ गुराखी असाच. भाषाशास्त्रज्ञ सांगतात की हा 'बो' आणि आपला 'गो' एकाच मुळातून फुटलेले आहेत. ज्या समाजाने रस्ता गाईने मोजला आणि लेकराला गुराखी म्हटले, त्याच्या स्वतःच्या ताटात तिचे मांस किती आले, हा प्रश्न आम्हांला त्या देशाचा इतिहास वाचताना वारंवार पडत गेला.

आपल्या राज्यात २०१५ पासून गाय, बैल व वळू यांच्या हत्येस कायद्याने बंदी आहे. तेव्हा हा विषय येथील स्वयंपाकघराचा नव्हे. परंतु भारतातून आयर्लंडला गेलेल्या परिचारिकांची संख्या आता मोठी आहे; त्यांत आमच्या वाचकांच्या ओळखीचीही घरे निघतील. तेथील खाटकाच्या दुकानात 'स्थानिक, गवतावर वाढलेले' अशी पाटी त्यांना रोज दिसत असेल. त्या पाटीमागे साडेतीनशे वर्षांचा इतिहास आहे.

प्राचीन आयरिश माणूस मांसापेक्षा दुधावर जगत असे. दही, लोणी, चीज या साऱ्यांना मिळून 'पांढरे अन्न' असे नाव होते. श्रीमंती गाईंवर मोजली जाई, दंड गाईंत भरला जाई, आणि स्वतंत्र शेतकऱ्याच्या एका दर्जाला 'गाईवाला' अशाच अर्थाचे नाव होते. धन म्हणजेच गाय असल्यावर ती मारून खाणार कोण? जास्तीचे गोऱ्हे आणि भाकड जनावरे तेवढी मेजवानीसाठी कापली जात. क्लॉनमॅकनॉइसच्या मठात बाराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेले हस्तलिखित 'पिंगट गाईचा ग्रंथ' म्हणून ओळखले जाते. मठाचे संस्थापक संत किअरन यांच्या गाईच्या कातड्यावरून हे नाव पडले, अशी आख्यायिका आहे.

या गोधनाचे रहस्य हवामानात आहे. अटलांटिक महासागरातील उबदार प्रवाहामुळे हिवाळा सौम्य, आणि पाऊस बारमाही. त्यामुळे वर्षातील बहुतेक महिने गवत वाढत राहते. जे रान नांगराला दाद देत नाही, तेही हिरवेगार असते. माणसाला न पचणारे गवत गुरे खातात आणि माणसाला पचेल असे अन्न देतात. दाणागोटा विकत आणावा लागत नाही, आणला तरी थोडा. निसर्गाने दिलेला इतका स्वस्त सौदा जगात फार थोड्या देशांच्या वाट्याला आला असेल.

सतराव्या शतकात जमिनी जप्त झाल्या, बव्हंशी इंग्रज जमीनदारांकडे गेल्या, आणि सौदा दुसऱ्याच्या हाती गेला. आयरिश गुरे स्वस्त येतात म्हणून इंग्लंडमधील पशुपालकांनी ओरड केली. १६६३ व १६६७ च्या कायद्यांनी जिवंत गुरांची तेथील आयात बंद झाली. तेव्हा व्यापाऱ्यांनी ती येथेच कापून मांस मिठात घालून पिंपांत भरण्यास सुरुवात केली. कॉर्क बंदर या धंद्याचे माहेरघर बनले. ब्रिटिश आरमाराची जहाजे त्या पिंपांवर चालत. कॅरिबियन बेटांवरील मळेवाले ते मांस घेत आणि त्यातले हलके, म्हाताऱ्या गाईंचे, तेथील गुलामांना खाऊ घालीत. जो कुळवाडी ती गुरे राखी, त्याची चूल मात्र बटाट्यावर पेटे. १७५९ साली इंग्लंडने आपले दार पुन्हा उघडताच गुरांचे भाव चढले आणि जमीनदारांनी गावांची सामाईक गायराने कुंपणे घालून बळकावली. १७६१ मध्ये टिपरेरी परगण्यातील शेतकरी अंगात पांढरे सदरे घालून रात्री निघाले आणि ती कुंपणे सपाट करू लागले. 'व्हाइटबॉईज' हे त्यांचे नाव इतिहासात राहिले.

१८४५ साली बटाट्यावर करपा पडला. पुढील काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे भुकेने व रोगाने मेली, आणि जवळपास तेवढ्यांनीच देश सोडला. १८४१ च्या शिरगणतीत ८२ लाख असलेली लोकसंख्या १८५१ मध्ये ६५ लाखांवर आली. या काळातही गुरे बंदराकडे चालतच होती. अन्नधान्याच्या गाड्यांबरोबर शिपायांचा पहारा असे. एवढे अन्न देशात ठेवले असते तर सर्वांचे प्राण वाचले असते काय, यावर इतिहासकारांचे एकमत नाही, आणि १८४७ साली बाहेरून आलेला मका निर्यात झालेल्या धान्याहून अधिक होता हेही खरे. तरीपण ज्याच्या दारावरून ती गुरे गेली त्याला हा हिशेब कोण समजावणार? दुष्काळानंतर तर कुळांच्या झोपड्या पाडून त्यांच्या तुकड्यांची सलग कुरणे केली गेली. माणसे गेली आणि बैल आले, असे आम्ही म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

न्यूयॉर्कला पोहोचलेल्या आयरिश मजुराची तेथे एक गंमत झाली. मायदेशी सणाला त्याला डुकराचे खारवलेले मांस आणि कोबी मिळे. अमेरिकेत ज्यू खाटकांकडे गुरांच्या छातीचे खारवलेले मांस त्याहून स्वस्त होते. तेच तो कोबीबरोबर शिजवू लागला. आज अमेरिकेत संत पॅट्रिकच्या सणाचे 'पारंपरिक' जेवण म्हणतात ते हेच. ज्या पदार्थाने कॉर्कच्या व्यापाऱ्यांना गबर केले, तो आयरिश गरिबाने प्रथम पोटभर खाल्ला तो साता समुद्रांपलीकडे!

इकडे मायदेशी १९०६ साली खासदार लॉरेन्स गिनेल यांनी वेस्टमीथ परगण्यात एक अनोखे आंदोलन पुकारले. रात्री मोठ्या कुरणांत शिरायचे, हातात हेझलची काठी घ्यायची, आणि जमीनदाराची गुरे हाकलून दूरवर रस्त्यांवर सोडायची. मागणी एवढीच, की कुरणे फोडून भूमिहीनांना द्या. खटले झाले, गिनेल तुरुंगात गेले, चळवळ तीन वर्षांत ओसरली.

आमच्या मते या इतिहासातील सर्वांत बोलका प्रसंग पुढेच आहे. स्वतंत्र आयर्लंडचे नेते डी व्हॅलेरा यांनी १९३२ साली, जुन्या जमीन-कर्जाचे हप्ते ब्रिटनला देण्याचे थांबवले. ब्रिटनने उलट आयरिश गुरांवर जबर जकात बसवली. गुरे पडून राहिली, भाव कोसळले. सरकारने वासरांच्या कातड्यामागे बक्षीस लावून वासरे मारविली; ते वाचताना आजही जीव कळवळतो. पण त्याचबरोबर १९३४ मध्ये एक कायदा करून बेकार व निराधार कुटुंबांना फुकट गोमांस वाटले. आपल्याच गवतावर वाढलेले मांस आयरिश गरिबाच्या पातेल्यात सरकारी हाताने पडले, ते बाहेरचे गिऱ्हाईक तुटल्यामुळे! १९३८ च्या करारानंतर गिऱ्हाईक परतले आणि गुरांची वाट पुन्हा बंदराकडे वळली.

आजही आयर्लंड आपल्या गोमांसापैकी सुमारे नव्वद टक्के निर्यात करतो. भाव ठरवितात ते मोठे कत्तलखाने. २०१९ साली त्यांच्या दारांशी शेतकऱ्यांनी आठवडेच्या आठवडे धरणे धरले, ते पदरात पडणाऱ्या भावासाठीच. म्हणून गावच्या खाटकाकडून घेण्याचे महत्त्व आम्हांला वाटते. जनावर कोणत्या शेतावरचे हे तो सांगू शकतो. मधले दलाल कमी होतात. आणि तो नुसत्या उंची तुकड्यांवर जगत नसल्याने नळी, मान, छाती हे स्वस्त भागही गिऱ्हाइकास मिळतात. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये मिळाले तसे भौगोलिक मानांकन युरोपीय संघाने आयर्लंडच्या 'गवतावरच्या गोमांसा'ला २०२३ मध्ये दिले. त्याची अट अशी, की आहाराचा निदान नव्वद टक्के भाग गवत अथवा त्याचा मुरघास असावा आणि जनावर वर्षातून किमान २२० दिवस मोकळ्या रानात चरलेले असावे. उरलेल्या भागात धान्य असू शकते, हे घेणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

गवतावरच्या जनावराची चरबी किंचित पिवळसर असते; तो गवतातील कॅरोटीनचा रंग. ओमेगा-३ हे हितकर स्निग्धद्रव्यही त्यात धान्यावर पोसलेल्यापेक्षा अधिक असते, मात्र आपल्या बांगड्याची सर त्याला नाही. गुरांच्या पोटातून निघणाऱ्या मिथेन वायूचा प्रश्नही आहेच. आयर्लंडच्या हरितगृह-वायूंत शेतीचा वाटा एक-तृतीयांशाहून अधिक आहे, आणि गवतावर जनावर सावकाश वाढते म्हणून तो वायू अधिक काळ सोडते. तेव्हा थोडे घ्यावे, चांगले घ्यावे, आणि घेतलेले वाया घालवू नये, इतपतच आम्ही म्हणू.

शिजविण्याची रीतही निराळी. हे मांस कमी चरबीचे, त्यामुळे प्रखर आचेवर चटकन कोरडे पडते. जाड काप भाजायचा तर आच मंद ठेवावी, थोडा आधी उतरवावा आणि कापण्यापूर्वी काही मिनिटे झाकून ठेवावा. खिमा मात्र पुरता शिजलाच पाहिजे. नळी व मान कांदा, गाजर व बटाट्यांसह तीन तास मंद आचेवर ठेवली की हाडातला रस उतरतो.

आणि पिंपांचे शहर कॉर्क? तेथील १७८८ साली सुरू झालेल्या 'इंग्लिश मार्केट'मध्ये नाताळाच्या सुमारास मसाल्यात मुरवलेले गोमांस आजही विकत मिळते. मीठ, साखर, मिरी, लवंग वगैरे चोळून ते काही दिवस मुरत ठेवतात, मग मंद आचेवर उकळून निववितात. नाताळात त्याचे पातळ काप थंडच वाढले जातात, आणि ते खाणारे बहुतेक कॉर्कचेच असतात.