कुलवृत्तांतात नसलेली नोंद

कुलवृत्तांत हा बृहन्महाराष्ट्रातील आम्हा जुन्या घराण्यांचा जिव्हाळ्याचा ग्रंथ. मूळ गाव, कुलदैवत, सनदा, इनामे या साऱ्यांची नोंद त्यात सापडते. घरातील स्त्री कोणत्या आजाराने गेली, हे मात्र सहसा सापडत नाही. स्तनाच्या कर्करोगाच्या संशोधनाचा इतिहास वाचताना ही उणीव आम्हांस प्रकर्षाने जाणवली.

या संशोधनाचा एक प्रवाह राहणीमानाच्या निरीक्षणातून निघाला. अठराव्या शतकाच्या आरंभी इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी हा रोग मठातील जोगिणींत अधिक आढळतो, असे नोंदविले. १९२६ साली इंग्लंडमध्ये डॉ. जॅनेट लेन-क्लेपन यांनी ५०० रुग्ण स्त्रिया व हा रोग नसलेल्या तितक्याच स्त्रिया यांची तुलना केली. उशिराचा विवाह, कमी अपत्ये, अल्प स्तनपान यांचा रोगाशी संबंध त्यांना दिसला. हिरोशिमा-नागासाकीच्या बॉम्बस्फोटांनंतरच्या पाहणीत किरणोत्साराचा धोकाही सिद्ध झाला.

दुसरा प्रवाह घराण्यांच्या स्मृतीतून निघाला. फ्रान्समधील पॉल ब्रोका यांनी १८६६ मध्ये स्वतःच्या पत्नीच्या माहेरची वंशावळ प्रसिद्ध करून हा रोग पिढ्यान्‌पिढ्या कसा उतरला, ते दाखविले. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात या रोगाच्या आनुवंशिकतेचा अभ्यास केला. १९९० मध्ये अमेरिकेतील मेरी-क्लेअर किंग यांनी २३ कुटुंबांतील १४६ रुग्णांच्या आधारे रोगास कारण होणाऱ्या जनुकाचे स्थान सतराव्या गुणसूत्रावर निश्चित केले. १९९४ मध्ये ते जनुक प्रत्यक्ष हाती आले. त्या कुटुंबांनी आपली दुःखे झाकून ठेवली असती, तर हा शोध लागता ना.

आमच्याकडे मात्र ‘मुलींची लग्ने अडतील’ या भयाने असे आजार दडविले गेले. वस्तुतः शंभरांपैकी सुमारे पाच ते दहा रुग्णांतच हा रोग जनुकीय वारशाने येतो. तेव्हा एका रुग्णावरून घराण्याला बोल लावणे अन्यायाचे. शिवाय हा वारसा पित्याकडूनही येतो. म्हणून आई-मावशीइतकीच आत्याची व आजीची हकीकतही महत्त्वाची; आणि विवाहानंतर वंशावळीतून गळालेल्या लेकींचीही.

छापील ग्रंथात नको असेल, तर घरच्या वहीत तरी कोणाला कोणता आजार कितव्या वर्षी झाला, हे लिहून ठेवावे. सनदांचा उपयोग आता संपला आहे. ही नोंद मात्र एखाद्या नातीला वेळेवर डॉक्टरांकडे नेईल.