विद्यापीठीय संशोधन, महाराष्ट्रातील

विद्यापीठे आणि त्यांच्या तोडीच्या स्वायत्त संस्था यांमध्ये नवे ज्ञान मिळविण्यासाठी किंवा उपलब्ध ज्ञान पडताळून पाहण्यासाठी जो पद्धतशीर अभ्यास केला जातो, त्यास विद्यापीठीय संशोधन म्हणतात. त्याचे विषयानुसार नैसर्गिक विज्ञाने, अभियांत्रिकी व सामाजिक विज्ञाने असे स्थूलमानाने तीन भाग पडतात. हे तिन्ही भाग एकाच नावाने ओळखले जात असले, तरी त्यांचे पुरावे, साधने, खर्च व काळाची गरज भिन्न असते. त्याहून महत्त्वाचा भेद म्हणजे, झालेली चूक लक्षात येण्याची रीत प्रत्येक शाखेत वेगळी आहे. महाराष्ट्रातील संशोधनसंस्थांचा सु. सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला असता ही विविधता कशी निर्माण झाली आणि तिच्यापायी विद्यापीठांना कोणती किंमत मोजावी लागली, हे स्पष्ट होते.

पार्श्वभूमी : मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ मध्ये झाली. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभारलेली ही संस्था प्रारंभी केवळ परीक्षा घेणारी व पदव्या देणारी होती. अध्यापन महाविद्यालयांत होत असे आणि प्रयोगशाळा, ग्रंथसंग्रह वा स्वतःचे प्राध्यापक यांची विद्यापीठास गरज मानली गेली नव्हती. पुण्यातील अभियांत्रिकीच्या वर्गाची सुरुवात १८५४ मध्ये झाली होती. परंतु त्याचा हेतू सार्वजनिक बांधकाम खात्यासाठी कर्मचारी तयार करणे एवढाच होता. १९०४ च्या भारतीय विद्यापीठ अधिनियमाने विद्यापीठांना स्वतः अध्यापन व संशोधन करण्याची मुभा दिली. तरीही मुंबई इलाख्यात संशोधनास पहिली चालना विद्यापीठाकडून मिळाली नाही. ती रोगराई, शेती व पाटबंधारे यांच्या तातडीच्या प्रश्नांतून मिळाली.

नैसर्गिक विज्ञाने : १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली. सरकारने पाचारण केलेले सूक्ष्मजंतुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकीन (१८६०–१९३०) यांनी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील एका लहानशा जागेत मृत प्लेगजंतूंपासून लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली. तेथील काही कैद्यांनी स्वेच्छेने लस टोचून घेतली, तर इतरांनी घेतली नाही. एकाच आवारात, एकच अन्न घेणाऱ्या या दोन गटांची तुलना करता आल्यामुळे लशीचा गुण आकड्यांनी दाखविता आला. प्रायोगिक विज्ञानाचे मर्म या तुलनेत आहे. एक घटक सोडून बाकीची परिस्थिती शक्य तितकी समान ठेवावयाची आणि फरक पडतो का, हे पाहावयाचे. हा प्रयोग दुसऱ्यास पुन्हा करता येतो व तो फसल्यास मूळ निष्कर्ष मागे घ्यावा लागतो.

१८९९ मध्ये परळ येथील जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा स्थापन झाली. १९२५ पासून ती हाफकीन संस्था या नावाने ओळखली जाते. प्रयोगशाळेतून बाहेर पडलेल्या ज्ञानाची जोखीम मात्र लवकरच प्रत्ययास आली. १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल या गावी लस टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मरण पावले. त्याचा ठपका हाफकीन यांच्यावर ठेवण्यात आला. लशीची बाटली प्रयोगशाळेत नव्हे, तर प्रत्यक्ष टोचणीच्या ठिकाणी दूषित झाली असावी, हे पुराव्याने दाखविण्यात येऊन त्यांची मुक्तता होण्यास १९०७ साल उजाडले. शास्त्रीय निष्कर्ष बरोबर असूनही त्याच्या वापरात घात होऊ शकतो, हा या प्रकरणाचा धडा होय.

विद्यापीठीय पातळीवरील मूलभूत विज्ञानांचे केंद्र म्हणून मुंबईत रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स ही संस्था १९२० मध्ये सुरू झाली. पुढे १९४५ मध्ये होमी भाभा (१९०९–६६) यांच्या पुढाकाराने टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन झाली आणि १९५० मध्ये पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्‌घाटन झाले.

अभियांत्रिकी व तंत्रविद्या : अभियांत्रिकीतील संशोधनाचा प्रश्न ‘हे असे का आहे?’ असा नसून ‘हे कसे साधेल व किती काळ टिकेल?’ असा असतो. पाटबंधाऱ्यांच्या प्रश्नांचा अभ्यास करण्यासाठी १९१६ मध्ये मुंबई सरकारने जो विभाग काढला, त्यातूनच पुण्याजवळ खडकवासला येथील केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राचा विकास झाला. नदी, बंदर किंवा धरणाचा सांडवा यांची लहान प्रतिकृती करून तीतून पाणी सोडावयाचे व गाळ कोठे साचतो, काठ कोठे खचतो, हे पाहावयाचे, ही तेथील प्रमुख पद्धत होय. नदीची प्रतिकृती सर्व बाजूंनी सारख्याच प्रमाणात लहान केल्यास पाण्याची खोली इतकी कमी होते, की प्रवाहाचे मूळ स्वरूपच बदलते. म्हणून उभे प्रमाण आडव्या प्रमाणापेक्षा मोठे घ्यावे लागते. अशी हेतुपुरस्सर केलेली विकृती शुद्ध विज्ञानात सहसा खपत नाही. अभियंत्याला ती चालते. कारण त्याच्या निष्कर्षाची अंतिम कसोटी प्रत्यक्ष नदीवर लागणार असते. येथील चूक निबंधात नव्हे, तर बांधकामात उघडी पडते.

मुंबईच्या कापडउद्योगाला रंगाई, छपाई व रसायने यांच्या जाणकारांची निकड होती. तीतून १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रविद्या विभाग सुरू झाला. माटुंगा येथील हा विभाग म्हणजे परीक्षा घेणाऱ्या विद्यापीठाने स्वतःच्या छत्राखाली उभारलेली खऱ्या अर्थाने संशोधनसंस्था होय. १९३८ मध्ये संचालक झालेले कृष्णस्वामी वेंकटरामन् (१९०१–८१) यांनी संश्लेषित रंजकद्रव्यांच्या रसायनशास्त्राचा पाया येथे घातला. १९५७ मध्ये ते राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. केंब्रिज येथून १९६४ मध्ये डॉक्टरेट मिळवून परतलेले मनमोहन शर्मा यांनी वायू व द्रव यांच्या संपर्कात होणाऱ्या विक्रियांचा वेग मोजण्याच्या व वर्तविण्याच्या पद्धती विकसित केल्या. कारखान्यातील विक्रियापात्राचे आकारमान ठरविण्यास त्या उपयुक्त ठरल्या. २००८ मध्ये हा विभाग अभिमत विद्यापीठ बनला. पवई येथील भारतीय तंत्रविज्ञान संस्था १९५८ मध्ये स्थापन झाली. तिच्या उभारणीस युनेस्कोमार्फत सोव्हिएट रशियाचे साहाय्य लाभले होते.

सामाजिक विज्ञाने : माणसांचा समूह प्रयोगशाळेत आणता येत नाही व घडून गेलेला काळ पुन्हा घडविता येत नाही. त्यामुळे सामाजिक विज्ञानांत पाहणी, मुलाखत, कागदपत्रे व अवशेष यांवर विसंबावे लागते. महाराष्ट्रात या पद्धतीचा एक महत्त्वाचा आरंभ एका रसायनशास्त्रज्ञाने केला, ही लक्षणीय गोष्ट आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान (१८७२–१९६१) यांनी सहकाऱ्यांसह पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची माती, पाणी, पिके, जमीनधारणा, कर्ज व कुटुंबांचे उत्पन्न यांचा एकत्रित अभ्यास केला. तो १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सु. ४० एकर असलेली सरासरी धारणा १९१४–१५ पर्यंत सु. ७ एकरांवर आल्याचे त्यात जुन्या नोंदींच्या आधारे दाखविण्यात आले. शेतकऱ्याच्या दारिद्र्याचे खापर त्याच्या उधळेपणावर फोडण्याची जी प्रथा होती, तिला या आकड्यांनी छेद दिला.

मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र विभाग १९१९ मध्ये सुरू झाला. मूळचे जीवशास्त्रज्ञ व पुढे नगररचनाकार म्हणून ख्यातकीर्त झालेले पॅट्रिक गेडिस (१८५४–१९३२) हे त्याचे पहिले प्रमुख होते. १९२४ पासून गोविंद सदाशिव घुर्ये (१८९३–१९८३) यांनी विभागाची धुरा वाहिली. घुर्ये यांचा भर संस्कृत ग्रंथ व ऐतिहासिक साधने यांवर होता. त्यांच्या विद्यार्थिनी इरावती कर्वे (१९०५–७०) यांनी शरीरमापन, नातेवाचक शब्द व प्रत्यक्ष भटकंती यांच्या आधारे भारतातील आप्तसंबंधव्यवस्थेचे प्रादेशिक प्रकार मांडले. एकाच विषयात व एकाच गुरुपरंपरेतही पुराव्याची निवड किती भिन्न असू शकते, याचे हे उदाहरण होय.

पुण्यात १९३० मध्ये भारत सेवक समाजाच्या आश्रयाने व रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली. तिचे पहिले संचालक धनंजय रामचंद्र गाडगीळ (१९०१–७१) यांनी फळांचा व्यापार, वाई तालुक्यातील शेती, पुणे शहरातील कुटुंबांचे राहणीमान अशा विषयांच्या पाहण्या हाती घेतल्या. १९७१ मध्ये वि. म. दांडेकर (१९२०–९५) व नीळकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्यावरील आपला अभ्यास प्रसिद्ध केला. १९६०–६१ च्या किंमतींनुसार दरडोई मासिक खर्च ग्रामीण भागात १५ रु. व नागरी भागात २२·५० रु. ही किमान मर्यादा धरली, तर ग्रामीण लोकसंख्येपैकी सु. ४० टक्के व नागरी लोकसंख्येपैकी सु. ५० टक्के लोक तिच्याखाली होते, असा त्यांचा निष्कर्ष होता. ही मर्यादा कोठे आखावी, यावर दीर्घकाळ वाद झाला. सामाजिक विज्ञानांत मोजमाप हे मोजणाऱ्याच्या व्याख्येवर अवलंबून असते. म्हणून येथे चुकीचा शोध मुख्यतः वादविवादातून लागतो आणि असा वाद होणे हे शास्त्राच्या दुबळेपणाचे लक्षण मानता येत नाही.

शाखांचा संगम : प्रश्नच जेव्हा तशी मागणी करतो, तेव्हा शाखांमधील सीमा ओलांडल्या जातात. गणितज्ञ दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–६६) यांनी प्राचीन आहत नाण्यांचा कालक्रम लावण्यासाठी हजारो नाणी काळजीपूर्वक वजन केली. हातोहात फिरताना नाणे झिजते. ही झीज काळाच्या प्रमाणात होते, हे त्यांनी आधी चलनातील आधुनिक नाण्यांवर पडताळून पाहिले आणि मग ते तत्त्व प्राचीन निधींना लावले. संख्याशास्त्राने येथे इतिहासाला साधन पुरविले. १९३९ मध्ये संशोधनसंस्था म्हणून पुन्हा सुरू झालेल्या डेक्कन कॉलेजात हसमुख धीरजलाल सांकलिया (१९०८–८९) यांनी पुरातत्त्वाची शाखा वाढविली. घोड नदीकाठच्या इनामगाव येथे १९६८ ते १९८३ या काळात झालेल्या उत्खननात जळके धान्य, प्राण्यांची हाडे व मानवी सांगाडे यांची तपासणी निरनिराळ्या शास्त्रांच्या तज्ञांनी केली. तीमुळे ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांचा आहारही अभ्यासता आला.

नारायणगावजवळ खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीत ४५ मी. व्यासाच्या ३० थाळ्या सु. २५ किमी.च्या परिसरात पसरलेल्या आहेत. एवढ्या मोठ्या थाळ्या भरीव पत्र्याच्या केल्या असत्या, तर वाऱ्याचा दाब पेलण्यासाठी अवजड व महाग सांगाडे लागले असते. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांनी तारांच्या दोरांवर ताणलेल्या पातळ पोलादी जाळीची रचना सुचविली. दुर्बीण ग्रहण करते त्या लांब रेडिओ तरंगांना जाळीची छिद्रे जवळजवळ अदृश्य असतात. वारा मात्र त्यांतून निघून जातो. खगोलशास्त्रातील ही निरीक्षणे अशा रीतीने अभियांत्रिकीतील काटकसरीमुळे शक्य झाली.

मूल्यमापन : स्वातंत्र्योत्तर काळात संशोधनाचा मोठा भाग राष्ट्रीय प्रयोगशाळा व स्वतंत्र संस्था यांकडे गेला. त्यांना साधने व वेळ मिळाला आणि त्यांच्या कामाचा दर्जाही उंचावला. बहुसंख्य विद्यार्थी मात्र ज्या महाविद्यालयांत शिकत राहिले, तेथे चालू संशोधन पाहावयास मिळणे दुर्मीळ झाले. परीक्षा घेणाऱ्या विद्यापीठाचा १८५७ चा साचा या विभागणीमुळे निराळ्या रूपात टिकून राहिला. ही दरी भरून काढण्याचा एक प्रयत्न म्हणजे १९८८ मध्ये जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांच्या नेतृत्वाखाली पुणे विद्यापीठाच्या परिसरात स्थापन झालेले आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र व खगोलभौतिकी केंद्र होय. देशभरातील विद्यापीठांच्या अध्यापकांना व विद्यार्थ्यांना तेथील साधने वापरता येतात. २०२३ च्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान अधिनियमातही विद्यापीठे व महाविद्यालये यांतील संशोधनास बळ देण्याचे उद्दिष्ट नमूद आहे.

दुसरा प्रश्न मोजमापाचा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनी अध्यापकांच्या निवडीसाठी व पदोन्नतीसाठी गुणांक पद्धती आणली आणि प्रसिद्ध निबंधांची संख्या सर्वच शाखांत महत्त्वाची ठरली. पुढे या नियमांत बदल झाले, तरी मोजणीचा आग्रह ओसरलेला नाही. वर्षाला काही निबंध प्रसिद्ध करणे रसायनशास्त्रज्ञास शक्य असते. एखाद्या तालुक्याची पाहणी किंवा उत्खनन यांना एक तप लागू शकते. अभियंत्याचे उत्तम काम अनेकदा निबंधात नसून उभ्या राहिलेल्या बांधकामात असते. एकाच मापाने मोजल्यास लवकर संपणारे काम वाढते व दीर्घ मुदतीचे मागे पडते.

हानी कशाची होते, हे पिंपळे सौदागरवरून कळते. मान यांनी पाहिलेले ते शेतकऱ्यांचे गाव आज पिंपरी-चिंचवड शहरातील दाट वस्तीचा भाग झाले आहे. लशीचा प्रयोग दुसऱ्या प्रयोगशाळेत पुन्हा करता येतो, नदीची प्रतिकृतीही पुन्हा बांधता येते. परंतु त्या गावाची ती पाहणी आता कोणासही पुन्हा करता येणार नाही. त्या वेळी कोणी तरी चिकाटीने घरोघर व शेतोशेत जाऊन नोंदी केल्या, म्हणूनच ते गाव अभ्यासकांना आजही उपलब्ध आहे.