दोन पावसाळ्यांचे आयुष्य

गोंदियाहून दुपारी सुटणारी विदर्भ एक्सप्रेस दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईस पोहोचते. आमच्या धर्मग्रामातील कितीतरी तरुण-तरुणी याच गाडीने शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी त्या महानगरीत गेली आहेत. त्यांना निरोप देताना आम्ही एक गोष्ट आवर्जून सांगतो. सवड मिळेल तेव्हा फोर्ट भागातील सेंट थॉमस कॅथीड्रल पाहून या. ते आपले कॅथलिक मंदिर नव्हे, अँग्लिकन आहे. चर्चगेट हे नाव पडले ते याच मंदिराकडे जाणाऱ्या कोटाच्या दरवाजावरून. १६७६ साली त्याचा पाया घातला गेला आणि प्रार्थनेसाठी ते उघडले १७१८ च्या नाताळात. मधली सुमारे चाळीस वर्षे त्याच्या भिंती अर्धवट उभ्या होत्या. त्या का रखडल्या, याचा शोध घेऊ लागलो की मुंबईतील पहिल्या इंग्रज वसाहतीची कहाणी हाती लागते.

आमच्या झाडीपट्टीने इंग्रज पाहिला तो १८५४ साली, नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा करणारा, बलाढ्य. त्यामुळे तो आरंभापासून तसाच असावा, असा आपला समज होतो. वस्तुस्थिती फार वेगळी आहे.

२३ जून १६६१ च्या विवाह-करारान्वये पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन हिच्याबरोबर मुंबई बेट इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यास मिळाले. बेटावरील रहिवाशांना कॅथलिक धर्माचे आचरण मोकळेपणाने करता यावे, अशी हमी त्याच करारात होती. १६६२ च्या सप्टेंबरात सर अब्राहम शिपमन चार-पाचशे सैनिक घेऊन आला. परंतु पोर्तुगीज व्हाइसरॉय बेट सोडावयास तयार होईना. निरुपायाने त्या सैनिकांना कारवारजवळच्या अंजदीव बेटावर राहावे लागले. तेथे रोगराईने आणि हालअपेष्टांनी माणसे मरू लागली. १६६४ मध्ये खुद्द शिपमन वारला. १८ फेब्रुवारी १६६५ रोजी हंफ्रे कुक याने मुंबईचा ताबा घेतला, तेव्हा त्याच्यासोबत जेमतेम शे-सव्वाशे माणसे उरली होती. पुढे राजालाच हे बेट जड झाले. १६६८ मध्ये त्याने ते वर्षाला अवघ्या दहा पौंड खंडावर ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकले.

आपल्याकडे एखाद्याने चार पावसाळे अधिक पाहिले असतील, तर त्याच्या शब्दाला मान असतो. मुंबईच्या इंग्रजांत मात्र वेगळी म्हण रूढ झाली होती. दोन पावसाळे म्हणजेच माणसाचे आयुष्य, असे ते म्हणत. जॉन ओव्हिंग्टन हा पाद्री १६९० च्या सुमारास मुंबईत होता. त्याच्या जहाजावरील चोवीस प्रवाशांपैकी वीस जण पावसाळा सरण्यापूर्वी मातीत गेले. इंग्रजांच्या वीस बालकांत एकही धड वाढत नाही, असे त्याने लिहून ठेवले आहे. बेटांमधल्या खाचरांत भरतीचे पाणी शिरून साचून राही. माडांना कुजक्या मासळीचे खत घालत, त्याच्या दुर्गंधीलाच लोक दोष देत. खरा वैरी डास होता. परंतु रोनाल्ड रॉसने ते सिद्ध करण्यास १८९७ साल उजाडावे लागले.

मग ही वसाहत तगली कशी? याचे श्रेय बहुधा १६६९ ते १६७७ या काळात कारभार पाहणाऱ्या जेराल्ड ऑन्जिअरला दिले जाते, आणि ते काही अंशी योग्यही आहे. त्याने न्यायालय स्थापिले, टांकसाळ काढली, बेटावरील जमीनमालकांशी करार केला, निरनिराळ्या जातिधर्मांच्या व्यापाऱ्यांना बोलावून आणले. सेंट थॉमसचा पाया घालणारा तोच. त्याच्या निधनानंतर ते काम थांबले. परंतु ऑन्जिअरने बोलावले म्हणून जे आले आणि जे आधीपासून होतेच, त्यांचे काय? ताबा घेतला तेव्हा बेटावर दहा हजारांच्या आसपास वस्ती होती. कोळी मासळी आणीत, कुणबी भात पिकवीत, भंडारी माडाची निगा राखीत. माहिमचे संत मायकल, दादरचे साल्व्हासांव, माझगावचे ग्लोरिया ही आपली मंदिरे इंग्रजांच्या आधीची आहेत. १६७३ मध्ये डचांचे आरमार चालून आले, तेव्हा संरक्षणास उभे राहिलेल्यांत इंग्रज थोडे होते. तोपास म्हणविले जाणारे इंडो-पोर्तुगीज ख्रिस्ती शिपाई आणि भंडाऱ्यांची तुकडी त्यांच्याहून अधिक होती. तांदूळ आणि सरपण यांसाठी तर सारी नजर पलीकडच्या किनाऱ्याकडे. १६७४ मध्ये हेन्री ऑक्झिंडेन शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकास रायगडावर गेला आणि तह करून आला, त्यामागे हीदेखील निकड होती.

तरीही संकट टळले नाही. कंपनीने औरंगजेबाशी वैर ओढवून घेतले आणि १६८९ मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दी याकुतखानाने शिवडीला सैन्य उतरविले. माझगाव गेले, माहिम गेले. इंग्रज कोटात कोंडले गेले. अखेर दीड लाख रुपये दंड भरून आणि क्षमा मागून त्यांनी सुटका करून घेतली. १६९० च्या जूनमध्ये सिद्दी परतला. त्याला वांद्र्याच्या जेज्वितांनी साहाय्य केले, असा आरोप ठेवून इंग्रजांनी त्यांच्या मुंबईतील जमिनी काढून घेतल्या. १७२० मध्ये पोर्तुगीज फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनाही बेटाबाहेर जावे लागले. विवाह-कराराची हमी कागदावर होतीच. तिचा अर्थ आता सत्ताधारी लावीत होता.

सातासमुद्रापलीकडे अमेरिकेतही असेच घडले होते. १५८७ मध्ये रोआनोक बेटावर वसविलेले इंग्रज १५९० पर्यंत नाहीसे झाले. १६०७ च्या जेम्सटाउनमध्ये १६०९-१० च्या हिवाळ्यात उपासमारीने शेकडो मेले, साठेक उरले. त्या वसाहतीलाही पहिली काही वर्षे तगविले ते तेथील मूळ रहिवाशांच्या मक्याने. त्यांच्या वाट्याला पुढे काय आले, हे जग जाणते.

सेंट थॉमसच्या भिंतींवर इंग्रज अधिकाऱ्यांच्या आणि सेनानींच्या स्मृतिशिला आहेत. त्या अवश्य वाचाव्यात; परक्या भूमीत अकाली गेलेली ती माणसेच होती. मात्र मासळी आणणाऱ्या कोळणीची, पहाऱ्यावर उभ्या भंडाऱ्याची शिला तेथे शोधू नये. आमची मुले त्या शहरात नवखी म्हणून उतरतात, तेव्हा कोणीतरी त्यांना खोली दाखवितो, कोणीतरी डबा पुरवितो. आमच्या गोंदियातही परप्रांतातून पोटासाठी आलेली कुटुंबे आहेतच. त्यांचे पहिले दोन पावसाळे कसे गेले, हे आपण कधी त्यांना विचारले आहे काय?