भिंतीचा आधार

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या जुन्या घरात ओसरीपासून न्हाणीपर्यंतच्या भिंतीवर, कमरेच्या थोडा वर, एक काळपट पट्टा होता. दरवर्षी रमजानच्या आधी घराला चुना दिला की तो झाकला जाई आणि दोन-तीन महिन्यांत पुन्हा उमटे. तो पट्टा माझ्या अम्माच्या हाताचा होता.

१९७७ साली मी दुसरीत होतो. अम्माला क्षय झाला. तीन महिने रोज स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन, शिवाय गोळ्या. अम्मा वाचली. त्या औषधाचे उपकार मी आजही मानतो. पण बरी झालेली अम्मा भिंत धरून चालू लागली. उजेडात कसंबसं निभे. दिवे गेले की ती असेल तिथे खाली बसे. रस्त्यात समोरून ओळखीची बाई आली तरी चालता चालता तिला चेहरा ओळखू येत नसे, थांबली की येई. शेजारणी म्हणायच्या, आजारातून उठली आणि मिजास चढली. कुराण वाचताना ती डोकं दाराच्या चौकटीला टेकवून बसे. आम्हाला वाटे, थकली असेल. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा आहे. टॉनिकच्या बाटल्या आल्या, संपल्या. २००३ साली अम्मा गेली, तोवर भिंत सुटली नाही.

हे सगळं मला पुन्हा आठवलं ते दोन वर्षांपूर्वी. फजरच्या नमाजात सजद्याला कपाळ टेकवलं आणि खोली गरगर फिरली. अर्ध्या मिनिटात थांबली. पलंगावर कूस बदलली की पुन्हा तेच. मी घाबरून मान हलवणंच सोडलं. पंधरा दिवस मी मान ताठ धरून, वरातीतल्या घोड्यावरच्या नवरदेवासारखा वावरत होतो. शेवटी कानाच्या डॉक्टरांनी एका फिजिओथेरपिस्ट मुलीकडे पाठवलं. तिने मला बसवलं, मान एका बाजूला वळवली, झटकन पाठीवर निजवलं, डोकं टेबलाच्या कडेखाली किंचित लोंबतं ठेवलं. खोली फिरली. ती शांतपणे माझ्या डोळ्यांकडे बघत राहिली. मग मान दुसरीकडे, मग अख्खं अंग कुशीवर, मग उठून बसायचं. पाच-सात मिनिटांचं काम. दोन खेपांत माझी चक्कर गेली.

मी तिला विचारलं, हे शोधून काढलं कुणी? तिथून माझं वाचन सुरू झालं.

शंभर-दोनशे वर्षांपूर्वी चक्कर हा मेंदूचा रोग समजत. डोक्यात रक्त चढलं म्हणून जळवा लावत, रक्त काढत. फ्रान्समध्ये फ्लूराँस नावाच्या शास्त्रज्ञाने १८२० च्या दशकात कबुतरांच्या अंतःकर्णातल्या अर्धवर्तुळाकार नलिका कापून पाहिल्या. कबुतराला ऐकू येत होतं, पण ते जागच्या जागी गोल फिरू लागलं. या नलिका ऐकण्याच्या नाहीत, तोल सांभाळण्याच्या आहेत, हे कळायला मात्र वेळ लागला. १८६१ साली पॅरिसच्या मूकबधिरांच्या संस्थेतले डॉक्टर प्रॉस्पेर मेनिएर यांनी सांगितलं की चक्करचं मूळ कानात असू शकतं. त्याकाळी फारसं कुणी ऐकलं नाही, आणि पुढच्याच वर्षी मेनिएर वारले.

पुढचा माणूस व्हिएन्नाचा, रॉबर्ट बारानी. तो रोग्यांचे कान पाण्याने धुवायचा आणि त्यांना चक्कर यायची. एका रोग्याने तक्रार केली की पाणी पुरेसं कोमट नसलं तरच मला चक्कर येते. म्हणून बारानीने अधिक गरम पाणी मागवलं. ते जरा जास्तच गरम निघालं, आणि रोगी पुन्हा ओरडला. पण या वेळी त्याचे डोळे उलट दिशेने थरथरत होते! बारानीला न्हाणीतला बंब आठवला. गरम पाणी वर चढतं, गार पाणी खाली बसतं. कानातल्या नलिकांमधल्या द्रवाचंही तेच होत असणार. या कामासाठी त्याला १९१४ चं नोबेल जाहीर झालं, तेव्हा तो रशियाच्या कैदेत, मध्य आशियातल्या मर्वच्या छावणीत युद्धकैदी होता. स्वीडनच्या राजपुत्राने रेडक्रॉसमार्फत खटपट केली, तो सुटला आणि १९१६ साली त्याने पारितोषिक हातात घेतलं.

आता कारण कळलं होतं. उपाय कळला नव्हता. तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लंडनमध्ये सापडला. डोक्याला मार लागलेले रोगी येत होते. जखम भरे, पण चक्कर राही. टेरेन्स कॉथॉर्न हे कानाचे सर्जन होते. त्यांच्या लक्षात आलं की जे रोगी पडून राहतात ते तसेच राहतात आणि जे लवकर हिंडू-फिरू लागतात ते लवकर बरे होतात. व्यायामोपचाराचे डॉक्टर कुकसी यांच्याबरोबर त्यांनी व्यायाम आखले. आधी पडल्या पडल्या डोळे वर-खाली, डावी-उजवीकडे. मग मान, आधी सावकाश, मग भरभर, मग डोळे मिटून. मग बसून, वाकून जमिनीवरची वस्तू उचलणं. मग उभं राहून चेंडू एका हातातून दुसऱ्या हातात. मग चालणं, उतार, जिने, खेळ. हे व्यायाम ते रोग्यांच्या गटाकडून करून घेत. १९४० च्या दशकाच्या मध्यालाच हे छापून आलं होतं.

यातलं मर्म साधं आहे. आपला तोल तीन साक्षीदारांवर उभा असतो: डोळे, अंतःकर्ण आणि पायांचे तळवे-सांधे. एक साक्षीदार खोटं बोलू लागला किंवा मुका झाला, तर मेंदू उरलेल्या दोघांवर विसंबायला शिकू शकतो. पण चूक घडल्याशिवाय तो शिकत नाही. मान हलवलीच नाही, तर चूक कळणार कशी? म्हणजे ज्या हालचालीची भीती वाटते तीच, बेताबेताने, रोज करायची.

माझा आजार मात्र वेगळा होता. अंतःकर्णात चुन्याचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे, अतिसूक्ष्म स्फटिक असतात. ते सुटून नलिकेत शिरले की कूस बदलताच जग फिरतं. अमेरिकेतले डॉक्टर जॉन एप्ली यांनी डोकं ठरावीक क्रमाने फिरवून हे कण परत जागेवर घरंगळवायची युक्ती काढली. १९८० साली त्यांनी ती परिषदेत करून दाखवली, तर लोक उठून गेले. त्यांचा निबंध छापून यायला १९९२ उजाडलं. आज ती जगभर वापरतात.

आणि मग मला एक निबंध सापडला, १९५२ चा. एका अमेरिकन डॉक्टरने नुसत्या आद्याक्षरांनी लिहिलेला. त्याला गुडघ्याच्या क्षयासाठी स्ट्रेप्टोमायसिन दिलं होतं. क्षयावरचं हे पहिलं गुणकारी औषध. १९४३ साली ते सापडलं आणि काही वर्षांतच लक्षात आलं की काही रोग्यांच्या अंतःकर्णातल्या तोलाच्या पेशी ते मारून टाकतं. त्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. हा डॉक्टर लिहितो की वाचताना नाडीच्या ठोक्यानेही अक्षरं उडत, म्हणून तो पलंगाच्या गजांमध्ये डोकं घट्ट रोवून वाचत असे. चालताना त्याला माणसांचे चेहरे ओळखू येत नसत, थांबावं लागे.

मी पुस्तक मिटलं. दाराची चौकट डोळ्यांसमोर उभी राहिली. अम्मा थकलेली नव्हती. मिजासही चढलेली नव्हती. तिच्यासमोर अल्लाचा शब्द थरथरत होता आणि ती तो स्थिर करू पाहत होती.

व्यायामाने तिच्या पेशी परत आल्या नसत्या. पण डोळ्यांना आणि पावलांना शिकवता आलं असतं. अंधारात दिवा जवळ ठेव, चालताना लांबच्या स्थिर वस्तूवर नजर लाव, एवढं तरी कुणी सांगू शकलं असतं. ती इंजेक्शनं घेत होती तेव्हा लंडनच्या त्या व्यायामांना तीस वर्षं झाली होती. ते आमच्या ओसरीपर्यंत पोहोचले नाहीत. दोष कुणा एकाचा नाही. तिला नेमकं काय होतं, हे आम्हीही कधी नीट विचारलं नाही.

म्हणून एवढंच सांगतो. अचानक चक्कर येऊन जीभ जड झाली, हात-पाय लुळा पडला, एकाचे दोन दिसू लागले, तर थांबू नका, थेट दवाखाना गाठा. पण महिनोन्‌महिने घेरी येत असेल तर वय झालं म्हणून सोडून देऊ नका. चक्कर दाबणारी गोळी पहिल्या काही दिवसांपुरती बरी. फार दिवस घेतली तर मेंदूचं शिकणं लांबतं. डॉक्टरांना विचारा, फिजिओथेरपीचा उपयोग होईल का? घरात कुणी भिंत धरून चालत असेल, तर एकदा जवळ बसून विचारा, नेमकं काय होतं?

जुनं घर आता राहिलं नाही. मी मात्र सजद्यात कपाळ टेकवतो तेव्हा खोली जागेवर असते, आणि दरवेळी मला तो पट्टा आठवतो.