शोलांतील पक्षी आणि त्यांचे शोधक

देवदर्शनासाठीं किंवा हवा पालटण्यासाठीं जशीं आपलीं कुटुंबें प्रवासास निघतात, तशींच आतां कांहीं पक्षी पाहण्यासाठींहि निघूं लागलीं आहेत. हा छंद स्तुत्य आहे. आणि अशा प्रवाशांस नीलगिरीपासून दक्षिणेकडे गेलेल्या उंच डोंगरांची ओढ लागावी, हेंहि स्वाभाविक आहे. परंतु त्यांच्या प्रवासाची आखणी पाहिली, तर गाड्यांच्या वेळा, उतरण्याचीं ठिकाणें आणि पक्ष्यांची यादी यांपलीकडे तींत बहुधा कांहीं आढळत नाहीं. अमुक पक्षी अमुकच डोंगरावर कां, हा प्रश्न कोणी विचारीत नाहीं. वस्तुतः याच प्रश्नाच्या शोधांत अनेकांचीं आयुष्यें खर्ची पडलीं आहेत. तो इतिहास ध्यानांत घेतल्यावांचून केलेली आखणी अपुरी होय, असें आम्हांस वाटतें.

प्रथम भूमीचा विचार करूं. नीलगिरीवरील दोड्डबेट्टा सुमारें 8,650 फूट, तर मुन्नारजवळील आनैमुडी सुमारें 8,840 फूट उंच आहे. प्रदेश उष्ण कटिबंधांतील खरा, पण या उंचीवर हिवाळ्यांत दंव गोठतें. माथ्यावर गवताळ कुरणें आणि घळींतून बुटक्या, शेवाळलेल्या वृक्षांचीं दाट रानें, असें तेथील दृश्य असतें. या रानांस 'शोला' म्हणतात. त्यांतील कित्येक पक्षी खालच्या उष्ण प्रदेशांत उतरत नाहींत. त्यामुळें प्रत्येक डोंगर हें एक बेटच झालें आहे. नीलगिरी आणि दक्षिणेकडील अनैमलै-पळणी यांच्यामध्यें सुमारें 20 मैल रुंदीची पालघाटची खिंड आहे. आणखी दक्षिणेस शेनकोट्टाची खिंड आहे. या दोन खिंडींनीं पक्ष्यांचे प्रांत वांटून टाकिले आहेत.

1819 सालीं कोइमतूरचा कलेक्टर जॉन सलिव्हन नीलगिरीवर चढला व पुढें उटकमंड वसलें. त्यापाठोपाठ शोधकहि आले. मद्रास सैन्यांतील डॉक्टर टॉमस जर्डन यानें 1839 सालीं नीलगिरीवरील 'लाफिंग थ्रश'चें वर्णन प्रसिद्ध केलें, आणि त्यास मोठ्यानें हसणारा या अर्थाचें लॅटिन नांव दिलें. त्या काळीं पक्षी पाहणें म्हणजे बहुधा तो मारणें. कारण कातडें हातीं आल्यावांचून जात ठरविणें कठीण असे. ॲलन ह्यूम यानें 1885 सालीं लंडनच्या ब्रिटिश म्यूझियमला दिलेल्या संग्रहांत 80,000 हून अधिक नमुने होते. हें वाचून मन खिन्न होतें. तथापि आजचीं सुबक पुस्तकें त्याच कातड्यांवर उभीं आहेत, हेंहि विसरतां येत नाहीं.

या इतिहासाचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. अमेरिकन मराठी मिशनचे रेव्हरंड सॅम्युएल फेअरबँक हे नगर जिल्ह्यांतील वडाळ्यास असत. पळणीच्या डोंगरांतून त्यांनीं जमविलेले पक्षी भूस्तरशास्त्रज्ञ ब्लॅनफर्ड याच्याकडे गेले. त्यांतून शोलांतील एक निळा, पांढऱ्या पोटाचा पक्षी 1868 सालीं शास्त्रास ज्ञात झाला. आणि तेथील 'लाफिंग थ्रश'ला ब्लॅनफर्डनें 1869 सालीं फेअरबँकचेंच नांव दिलें. नगरच्या कोरड्या माळावर राहणाऱ्या या गृहस्थाचें नांव आज पळणीच्या ओल्या रानांत गात आहे!

पुढें 1933 सालीं सालिम अली यांनीं त्रावणकोर व कोचीन संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी केली. नमुने त्यांनींहि घेतले. परंतु पक्षी काय खातो, केव्हां घरटें बांधतो, कोठें वावरतो, याकडे त्यांचें लक्ष विशेष होतें. 2017 सालीं प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनानें तर खिंडींचें महत्त्व पुरतें सिद्ध केलें. दोन्ही बाजूंचे हे सारखे दिसणारे पक्षी लाखों वर्षें एकमेकांपासून अलग आहेत असें ठरलें, व त्यांतील निळ्या पक्ष्यांच्या कुळास शोलांवरूनच 'शोलिकोला' असें नांव मिळालें.

यावरून आखणीचा धडा उघड आहे. एकाच गिरिस्थानीं आठ दिवस काढण्यापेक्षां चार दिवस उटकमंडास व चार दिवस मुन्नारास किंवा कोडैकनालास द्यावे, म्हणजे पालघाटच्या दोन्ही बाजू पाहून होतात. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा व ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्येचा पाऊस. म्हणून जानेवारी ते मार्च हा काळ उत्तम. त्या वेळीं हिवाळा काढण्यास आलेला काश्मीरचा माशीमार पक्षीहि भेटण्याचा संभव असतो. दुर्बीण न्यावीच, परंतु दाट शोलांत डोळ्यांपेक्षां कानच अधिक कामास येतो.

आणखी एक गोष्ट. ज्या झाडास आपण मराठींत 'निलगिरी' म्हणतों, तें मूळचें नीलगिरीचें नव्हेच. एकोणिसाव्या शतकांत तें ऑस्ट्रेलियांतून आणून तेथें लाविलें गेलें. त्याच्या, वॉटलच्या आणि चहाच्या लागवडीखालीं कुरणें व शोला झपाट्यानें आकसले. बेट लहान झालें कीं त्यावरील रहिवाशास दुसरीकडे जातां येत नाहीं. अशा पक्ष्यास मुद्रित आवाज ऐकवून पुन्हां पुन्हां बाहेर काढणें, किंवा छायाचित्रासाठीं घरट्याशीं जाणें, ही बंदुकीहून सौम्य असली तरी पीडाच आहे. जर्डनला कातडें घ्यावें लागलें. आपणांस त्याची गरज उरलेली नाहीं. पूर्वसूरींनीं हें ऋण आपणांवर ठेविलें आहे, आणि तें फेडण्याचा मार्ग एकच : पक्षी पाहावा, ऐकावा, टिपणवहींत नोंदवावा आणि त्याचें रान जसें होतें तसेंच सोडून परत यावें.