पाच ग्रॅमचा स्पर्श

रुग्णाने अंगावरच्या कपड्यांनिशी उताणे पडावे, उपचारकाने त्याच्या डोक्याशी बसून दोन्ही तळवे मस्तकाच्या मागील भागाखाली अलगद सरकवावेत, आणि मग अर्धा-पाऊण तास, पाहणाऱ्याला येथे काही घडते आहे असे वाटूही नये इतक्या स्वस्थपणे, दोघांनीही तसेच राहावे, असे ज्याचे बाह्यरूप आहे तो क्रेनिओसेक्रल उपचार आज अमेरिकेपासून युरोपापर्यंत आणि अलीकडे मुंबई-पुण्यापर्यंत पूरक चिकित्सा म्हणून चालतो. कवटी आणि पाठीच्या कण्याच्या तळाशी असलेले त्रिकास्थी ही त्याची दोन टोके. त्या दोहोंमध्ये पसरलेली मस्तिष्काची व मज्जारज्जूची आवरणे, आणि त्या आवरणांत खेळणारा मस्तिष्कमेरुद्रव हे त्याचे क्षेत्र. आणि स्पर्शाचे प्रमाण सुमारे पाच ग्रॅम, म्हणजे अमेरिकेतील निकेल या नाण्याचे वजन. हाडे बसविण्यासाठी ज्या विद्येत मुळात जोर लावीत, तिच्याच पोटी इतका हलका हात कसा जन्मास आला, हा या कुळकथेतला खरा कुतूहलाचा विषय आहे.

मूळपुरुष म्हणून अँड्र्यू टेलर स्टिल याचेच नाव घ्यावे लागते. जन्म १८२८चा, बाप धर्मोपदेशक आणि वैद्यही. स्वतः स्टिलने सरहद्दीवरच्या मुलखात वैद्यकी केली आणि अमेरिकेच्या यादवी युद्धात भाग घेतला. १८६४ साली मस्तिष्कावरणाच्या दाहाने त्याची तीन मुले दगावली, आणि पाऱ्याची औषधे, अफू व रक्तमोक्षण यांवर चाललेल्या त्या काळच्या चिकित्सेवरचा त्याचा विश्वास त्या दुःखात पार उडाला. शरीराची रचना बिघडली की कार्य बिघडते, रचना हातांनी पूर्ववत केली की शरीर आपले आपण सावरते, हा सिद्धांत त्याने १८७४ साली मांडला. त्यालाच पुढे ऑस्टिओपॅथी हे नाव मिळाले, आणि १८९२ साली मिसूरी राज्यातील कर्क्सव्हिल या गावी तिची पहिली शाळा निघाली.

१८९७ साली प्रसिद्ध झालेल्या स्टिलच्या आत्मचरित्रात बालपणीचा एक प्रसंग आहे, आणि मला तो त्याच्या साऱ्या सिद्धांताहून अधिक बोलका वाटतो. दहा वर्षांच्या सुमारास डोकेदुखीने हैराण झालेल्या या मुलाने बापाचा नांगराचा दोर दोन झाडांमध्ये बांधून झोका केला. परंतु डोके ठणकत असताना झुलणे सोसेना, तेव्हा दोर जमिनीपासून वीतभर उंचीवर उतरविला, त्यावर घोंगडीचे टोक टाकले आणि मान दोरावर टेकून तो आडवा झाला. थोड्याच वेळात झोप लागली. जागा झाला तेव्हा डोकेदुखीही नव्हती आणि मळमळही नव्हती. पुढे शतकाहून अधिक काळाने या उपचाराचे शिक्षक शिष्यांना सांगू लागले की, घरी स्वतःपुरता हा लाभ घ्यायचा असल्यास टेनिसचे दोन चेंडू एका मोज्यात घालून गाठ मारावी आणि ते मस्तकाच्या मागील उंचवट्याखाली ठेवून स्वस्थ पडावे. दोर आणि चेंडू यांमधले साम्य उघड आहे. मधल्या काळात भर पडली ती उपपत्तीची.

ती उपपत्ती विल्यम गार्नर सदरलँड याची. हा १८७३ साली विस्कॉन्सिनमध्ये जन्मला, दक्षिण डकोटातील ब्लंट नावाच्या गावी छापखान्यात उमेदवार म्हणून लागला, आणि पुढे मिनेसोटातील ऑस्टिन येथे वृत्तपत्राचा संपादक झाला. ऑस्टिओपॅथीची कीर्ती कानी आल्यावर संपादकाची खुर्ची सोडून १८९८ साली तो कर्क्सव्हिलला विद्यार्थी म्हणून दाखल झाला. तेथील रुग्णालयात एक कवटी मांडलेली होती, आणि तीही साधी नव्हे: शरीरशास्त्राच्या अध्यापनासाठी फ्रेंच पद्धतीने तिची हाडे सुटी करून, प्रत्येक हाड आपल्या जागी पण शेजाऱ्यापासून किंचित अंतरावर राहील अशा बेताने तारांवर बसविलेली होती. १८९९ साली तिच्यापुढून जाताना सदरलँडची दृष्टी जतुकास्थी व शंखास्थी यांच्या परस्परांवर येणाऱ्या कडांवर खिळली. त्या कडा सुतारकामातल्या कलमी सांध्याप्रमाणे तिरकस उतरत्या होत्या. त्याला माशाच्या कल्ल्यांची आठवण झाली, आणि मनात विचार चमकून गेला की, ज्या सांध्याची घडण अशी, तो हालण्यासाठीच असला पाहिजे, आणि हालत असेल तर कोणत्या तरी श्वसनासाठी हालत असला पाहिजे.

हा विचार त्याला स्वतःलाच वेडगळ वाटला, आणि येथे या मनुष्याविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही. कारण प्रौढाच्या कवटीची हाडे हालत नाहीत हे सप्रयोग सिद्ध करून मनातले भूत कायमचे काढून टाकावे, अशा उलट्या हेतूने त्याने शोधास आरंभ केला. १९०० साली पदवी घेऊन तो मिनेसोटातील मॅनकेटो येथे व्यवसाय करू लागला, आणि फावल्या वेळात कवट्यांची हाडे चाकूने एकमेकांपासून सोडवून त्यांच्या कडा न्याहाळू लागला. मृत हाडे पुरी पडेनात, तेव्हा त्याने स्वतःचेच डोके प्रयोगाला दिले. लोणी ठेवण्याचे लाकडी वाडगे कापून, बेसबॉलच्या खेळातील जाड हातमोजे पट्ट्यांनी जोडून, चामड्याचे बंद व बकला लावून त्याने नाना प्रकारची शिरस्त्राणे बनविली. त्यांच्या साहाय्याने कवटीच्या एकेका भागावर दाब देऊन तो ठेवायचा आणि स्वतःला काय होते ते टिपायचे, हा क्रम चालला. काही प्रयोगांत डोके दुखले, काहींत मनःस्थिती बिघडली. पत्नी अ‍ॅडा हिलाही पतीच्या स्वभावातला फरक जाणवत असे, आणि तिनेच पुढे १९६२ साली त्याचे चरित्र प्रसिद्ध केले. शास्त्राच्या कसोटीवर या प्रयोगांचे मोल फारसे नाही, कारण परीक्षक, परीक्ष्य आणि पंच हे तिन्ही अधिकार एकाच देहात वसत होते.

मासिकातून ‘ब्लंट बोन बिल’ या टोपणनावाने लिहून चाचपणी केल्यावर सदरलँडने १९३९ साली ‘द क्रेनियल बोल’ हे छोटेखानी पुस्तक काढले. त्यात त्याने वर्णिलेल्या व्यवस्थेला ‘मूलश्वसन’ म्हणता येईल. मस्तिष्काला व मज्जारज्जूला अंगचीच एक मंद हालचाल आहे, तिच्याबरोबर मस्तिष्कमेरुद्रव भरतो-ओसरतो, आवरणे त्या ताणाची देवघेव करतात, कवटीची हाडे सीवनींमधून किंचित सरकतात, आणि खाली कटीच्या दोन हाडांमध्ये त्रिकास्थीही त्याच तालात झुलते. ही गती कोठे अडली की रोग उपजतो, आणि शिकलेले बोट ती अडचण ओळखून सोडवू शकते, असा त्याचा आशय होता. मेंदूला स्वतःची स्पंदगती असते हा विचार अगदी अनौरस मात्र नव्हता. स्वीडनच्या इमॅन्युएल स्वीडनबोर्गने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातच मेंदूच्या हालचालीविषयी विस्ताराने लिहून ठेवले होते. उलटपक्षी आपल्याकडे सुश्रुताने सांध्यांचे चल व स्थिर असे दोन वर्ग करताना हातपाय, हनुवटी व कटी यांचे सांधे चल मानले, आणि कवटीच्या ‘तुन्नसेवनी’ सांध्यांना, म्हणजे शिवणीसारख्या दिसणाऱ्या सांध्यांना, त्या चलवर्गात स्थान दिले नाही.

१९५४ साली सदरलँड वारला तेव्हा त्याची विद्या ऑस्टिओपॅथीतील एका लहान शिष्यशाखेपुरती मर्यादित होती. तिला वेशीबाहेर आणले जॉन अपलेजर याने. मिशिगनमध्ये १९३२ साली जन्मलेला आणि कर्क्सव्हिललाच शिकलेला हा वैद्य सत्तरच्या दशकाच्या आरंभी फ्लॉरिडात मानेवरच्या एका शस्त्रक्रियेत सहायक म्हणून उभा होता. मज्जारज्जूच्या बाह्य आवरणावर चुन्याचा एक थर जमला होता. शस्त्रवैद्याने तो खरवडून काढावा आणि अपलेजरने तोपर्यंत चिमट्यांनी आवरण स्थिर धरावे, अशी तजवीज होती. काम क्षुल्लक होते, पण ते त्याला साधेना. आवरण हातून पुढे-मागे सरकत राहिले, आणि ती सरक ना नाडीच्या ठोक्यांशी जुळत होती ना श्वासाशी. मिनिटाला आठ-दहा वेळा येणाऱ्या त्या मंद तालाचा उलगडा भोवतीच्या कोणालाच करता येईना. अपलेजर खजील झाला आणि त्याचे कुतूहलही चाळवले गेले; त्यातून तो सदरलँडच्या ग्रंथाकडे वळला. १९७५ ते १९८३ या काळात मिशिगन स्टेट विद्यापीठात त्याने शरीरशास्त्रज्ञ व पदार्थवैज्ञानिक यांना बरोबर घेऊन या गतीचा पिच्छा पुरविला, १९८३ साली जॉन व्रेडेवूगसमवेत या विषयावर ग्रंथ लिहिला, आणि दोन वर्षांनी फ्लॉरिडात स्वतःची संस्था काढली. ‘क्रेनिओसेक्रल थेरपी’ हे नाव रूढ झाले ते त्याच्यामुळे.

खरा कलह नावावरून झाला नाही, सनदेवरून झाला. अमेरिकेतील ऑस्टिओपॅथ पूर्ण सनदी वैद्य असतात. औषधे देण्याचा आणि शस्त्रक्रियेचा अधिकारही त्यांना असतो. अपलेजरने ही विद्या मालिश करणारे, फिजिओथेरपिस्ट, परिचारिका, किंबहुना शिकू इच्छिणारे सामान्य गृहस्थ यांनाही शिकविण्याची मुभा दिली, आणि तेव्हापासून मूळ घराण्याशी फारकत झाली. जुन्या शाखेने सीवनींवर आणि हाडांवर लक्ष ठेवले, नव्या शाखेने आवरणांवर आणि द्रवावर. आणि हात जो उत्तरोत्तर हलका होत गेला त्याचे एक कारण, माझ्या मते, हेही असावे की, सनद नसलेल्या हाताला जोर लावण्याची मोकळीक देणे कोणाही शिक्षकाला परवडणारे नव्हते.

आता उपपत्तीचा हिशेब. कवटीच्या तळाशी जतुकास्थी व पश्चकपालास्थी यांचा जो सांधा सदरलँडच्या यंत्रणेची बिजागरी, तो तारुण्याच्या उंबरठ्यावरच अस्थिमय होऊन जुळतो. मस्तिष्कमेरुद्रव हालतो हे खरे, आणि चुंबकीय प्रतिमांत ते दिसतेही. पण ती हालचाल हृदयाच्या ठोक्याने व श्वासाने होते. १९९४ साली तीन फिजिओथेरपिस्टांनी त्याच बारा व्यक्तींची क्रेनिओसेक्रल गती स्वतंत्रपणे मोजली, तेव्हा त्यांच्या आकड्यांत काहीच मेळ निघाला नाही. आणि ज्याची जबानी दुसऱ्या साक्षीदाराशी जुळत नाही त्याची कैफियत कोणत्याही दिवाणी अदालतीत टिकत नाही. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात १९९९ साली झालेल्या समालोचनात उपचाराच्या बाजूने पुरेसा पुरावा आढळला नाही. २०१६ साली जर्मनीत मानेच्या जुनाट दुखण्याच्या ५४ रुग्णांवर झालेल्या चाचणीत लटक्या स्पर्शापेक्षा या स्पर्शाने अधिक आराम पडल्याचे दिसले; तर २०२४ साली स्पेनमधील संशोधकांनी अशा अनेक चाचण्या एकत्र तोलल्या, तेव्हा लाभाचे पारडे रिकामे निघाले.

तरीही माणसे या मंचकावर जातात आणि बरे वाटल्याचे सांगतात, आणि ते सारे भ्रमिष्ट आहेत असे मी म्हणणार नाही. शांत खोली, कोणी घाई करत नाही असा पाऊण तास, आणि डोक्याखाली एक निर्हेतुक, उबदार हात, एवढ्यानेच ताणलेल्या मानेला आणि त्रासलेल्या मनाला उतार पडणे स्वाभाविक आहे. स्टिलला तर तो दोरावरही पडला होता. आक्षेप आहे तो पुढच्या दाव्यांवर: जुनाट व्याधींपासून स्वमग्नतेपर्यंत सर्व काही या तालात बसविण्यावर. सौम्य म्हणून निरुपद्रवी, हेही गृहीत धरता येत नाही. नेदरलँड्समध्ये तीन महिन्यांच्या अर्भकाची मान व पाठ ‘क्रेनिओसेक्रल’ या नावाखाली खोलवर वाकविली गेली, बालकाचा श्वास थांबला आणि ते दगावले. तेथील वैद्यकीय नियतकालिकाने २००९ साली तो दाखला छापला आहे. त्या हाताने पाच ग्रॅमची मर्यादा पाळली नव्हती, पण नाव तेच घेतले होते.

भारतात आयुष मंत्रालयाच्या मान्यताप्राप्त पद्धतींत या उपचाराचा समावेश नाही. म्हणून ज्याला मंचकावर पडण्याची इच्छा असेल त्याने चालू औषधे बंद करू नयेत, डोक्याला अलीकडे मार लागला असेल वा मेंदूत रक्तस्रावाची शंका असेल तर या वाटेस जाऊच नये, उपचारकाचे मूळ शिक्षण कशाचे आहे याची आधी खातरजमा करावी, आणि तान्ह्या मुलाच्या मानेला कोणाचाही हात लागण्यापूर्वी बालरोगतज्ज्ञाला विचारावे.