धारूरच्या घाटातील बैलवाट

हिमालयातील खिंडींची प्रवासवर्णने मी आवडीने वाचतो. त्यांत एक गोष्ट हटकून आढळते. खिंड ओलांडल्याची कीर्ती प्रवाशाच्या नावावर जमा होते, आणि वाट दाखविणारा भोटिया चार ओळींत आटोपतो. वास्तविक त्या वाटा प्रवाशांनी पाडलेल्याच नव्हेत. मेंढ्यांच्या पाठीवर धान्य लादून तिबेटात जावे आणि मीठ घेऊन परतावे, या भोटियांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या येरझाऱ्यांनी त्या रुळल्या. १९६२ च्या युद्धाने तो व्यवहार थांबला. हे वाचताना मनात आले, की आपल्या बीड जिल्ह्यातील घाटवाटा कोणी रुळविल्या, याचा आपण कधी विचार केला आहे काय?

बालाघाटची उंची हिमालयापुढे सांगण्याजोगी नाही. पण जिल्ह्याचे त्याने सरळ दोन भाग केले आहेत. उत्तरेस माजलगाव-गेवराईकडील गोदाकाठचा काळ्या मातीचा सखल मुलूख, दक्षिणेस मांजरेकडे उतरत जाणारे पठार. या दोहोंच्या उंबरठ्यावर धारूरचा किल्ला बसला आहे. १५६७ च्या सुमारास विजापूरकरांच्या किश्वरखानाने तो बांधला. थोड्याच वर्षांत मुर्तजा निजामशहा त्यावर चालून आला आणि किश्वरखान त्या लढाईत पडला. १६३१ च्या आरंभी शहाजहानचा सरदार आजमखान याने तो निजामशाहीकडून जिंकला. पुढे मोगलांनी त्याला फत्तेहाबाद म्हटले.

मी शाळेत इतिहास शिकवतो. ही सनावळी मला पाठ आहे. खालच्या मुलुखातून फौजा कोणत्या वाटेने वर चढत असाव्यात, हे मात्र मला पुस्तकात सापडेना. तेव्हा नवरात्राच्या सुटीत मी तांड्यावरील एका वृद्ध नायकाला बरोबर घेतले. त्यांचा नातू माझ्या सातवीच्या वर्गात आहे. ते मला ‘गुरुजी’ म्हणतात, मी त्यांना ‘नायक’ म्हणतो.

तेलगावच्या अंगाने आम्ही पहाटेच निघालो. मोटारींचा रस्ता सोडला, आणि मी नकाशा उघडून एका सरळ घळीकडे बोट दाखविले. चढ कमी अंतराचा होता. नायक हसले.

“गुरुजी, फौज तिथून चढती व्हय? तोफ वढायला बैल लागतो. आन् ओझ्याच्या बैलाला सरळ चढ सोसत न्हाई. त्याला वळसा पायजे, आन् वळशाला पानी पायजे.”

त्यांनी मला डोंगराच्या कुशीतून तिरकस नेले. वाट दर थोड्या अंतरावर वळत होती, आणि वळणाशी बैलांचा कळप थांबू शकेल एवढे सपाट पडे. एका ठिकाणी काळ्या खडकाखाली पाण्याची ओल होती. तिथे ते गुडघा चोळीत बसले. “आमच्या पणज्याचे बैल हितं पानी प्यायचे, आसं आमचा बाप सांगायचा.”

नकाशा मी मुकाट्याने घडी करून पिशवीत टाकला.

लमाण हे नावच लवणावरून आले, असे सांगतात. मीठ आणि धान्य बैलांच्या पाठीवरील गोण्यांत भरून ते देशभर हिंडत. सतराव्या शतकातील फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए याने दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिले होते. अरुंद वाटेवर असा तांडा आडवा आला, तर तो सरेपर्यंत दोन-तीन दिवस खोळंबावे लागे, असे तो लिहितो.

आजमखानाच्या मोहिमेचा अर्थ मला त्या ओलीशी बसल्यावर उमगला. तो काळ १६३० च्या भीषण दुष्काळाचा. याच दुष्काळात देहूच्या तुकोबांच्या घरची धूळधाण झाली. धारूर जिंकणारा हाच आजमखान परांड्याच्या वेढ्यातून हात हलवीत परतला. त्याला परतविले ते चाऱ्याच्या टंचाईने. त्यानंतर आसफखान दक्षिणेत उतरला. त्याच्या फौजेबरोबर भंगी आणि जंगी या नायकांचे १,८०,००० बैल होते, अशी लमाणांतील परंपरागत आठवण आहे. आकडा कदाचित फुगलेला असेल, पण फौजेचे पोट कोणाच्या पाठीवर होते, हे ती आठवण अचूक सांगते. १८०३ च्या असईच्या मोहिमेत आर्थर वेलस्लीलाही याच बैलांची वाट पाहावी लागे.

पुढे पक्क्या सडका झाल्या, गाड्या धावू लागल्या. १८६३ मध्ये आगगाडी बोरघाट चढली. जिथे जिथे रूळ पोचले, तिथे गोणीचा बैल मागे पडला. तांडे माळरानाच्या कडेला स्थिरावले. ज्यांनी इतरांच्या तोंडी धान्य पोचविले, त्यांच्याच वाट्याला कोरडवाहू तुकडे आले. मग घाट ओलांडणे पुन्हा सुरू झाले, पण ते कोयता घेऊन, ऊस तोडायला. मुकादमाची उचल घ्यायची आणि दिवाळीच्या आगेमागे बिऱ्हाड हलवायचे. सातारा, सांगली, कोल्हापूर, कर्नाटक. नायकांनी असे तीस हंगाम केले आहेत.

माथ्यावर पोचलो तेव्हा ऊन चढले होते. मागे सिंदफणेकडील शिवार, पुढे किल्ल्याचा तट. मी आनंदाने म्हणालो, “नायक, आज मला वाट सापडली.”

ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “गुरुजी, म्या बी एका कामानं आलतो. पोरगा आन् सून दिवाळी झाली की कारखान्याला जातील. नातवाला नेलं, तर त्याचं नाव काटाल का?”

दरवर्षी दिवाळीनंतर माझ्या वर्गातील बाके रिकामी होतात आणि हजेरीपटावर मी निमूटपणे गैरहजेरी मांडतो. हातून घडणारा तोही इतिहासच होता, हे मला त्या दिवसापर्यंत सुचले नव्हते.

“नेऊ नका,” मी म्हणालो. “शिकवण्याचे मी पाहतो. पण त्याला भाकरी कोण घालील?”

“म्या ऱ्हातो की मागं,” नायक म्हणाले. “गुडघा गेला म्हनून उगं घरी बसावं लागतंय, आसं वाटत हुतं. आता कारन झालं.”

उतरताना ते पुढे होते. वळणावळणाशी ते थांबत, आणि मी पोचलो की पुन्हा चालू लागत.